शेत पेटवायचा दिवस

मक्याची कापणी आटोपली की म्हातारीला शेत पेटवायचे वेध लागायचे. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या एका दिवशी तो परत भेटल्यासारखा वाटे. खांद्यावर ओलं पोतं, काजळीनं माखलेलं तोंड आणि त्यातून चमकणारे दात. दीर, जावा, नणंद, सगळे त्या दिवशी जमायचे. पुढचे दोन-तीन दिवस उशीला धुराचा वास यायचा. तो तिला आवडायचा.

यंदा सुनेनं वेगळंच काढलं. मका घेणाऱ्या कंपनीनं अट घातली होती, की कापणीनंतर उरलेली धसकटं आणि ताटं जाळायची नाहीत आणि डोंगरावरच्या झाडीत शेत सरकवायचं नाही. जे पाळतील त्यांचाच मका ती इथून पुढं घेणार. सुनेची तयारी होती, पण जमीन सासूच्या नावावर आणि घरात शब्दही तिचाच.

म्हणून कंपनीची बाई आज स्वयंपाकघरात येऊन बसली होती. धुरानं हवा कशी तापते, जळलेली माती कशी निःसत्त्व होते, सगळं तिनं नीट सांगितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"तुमच्याच कंपनीचा साहेब याच खुर्चीत बसून सांगून गेला होता, माथ्यापर्यंत मका लावा म्हणून," ती म्हणाली. "वर दोनदा चहा प्याला."

"हो आजी, आम्हीच सांगत होतो. चुकलं आमचं. म्हणून तर आता दारोदार फिरतेय."

हे सरळ उत्तर म्हातारीला आवडलं, पण तेवढ्यानं विरघळणारी ती नव्हती.

कपबश्या उचलता उचलता सून म्हणाली, "ताई, आईंना शेत जाळण्यापेक्षा त्या दिवसाचीच हौस जास्त."

बाईनं ते हसण्यावारी नेलं नाही. त्या दिवशी काय काय व्हायचं, असं तिनं विचारलं. मग म्हातारीची कळी खुलली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विहिरीला लागूनच झाडी होती. जाळ विझला की सगळे तिथं सावलीत जेवायला बसले. नव्या नवरीसाठी नवऱ्यानं आपला सदरा अंथरला, त्यावरून दिरांनी त्याला वर्षभर चिडवलं. मुलगा रांगायला लागला तेव्हा सावली मोठ्या खडकापाशी होती; त्याला कडेवर घेऊन तिथवर चढताना तिची कंबर धरली. धाकटी लेक झाली तेव्हा तर पार वरच्या बांधापर्यंत जावं लागलं. आणि नवऱ्याचं शेवटचं वर्ष. त्याला दम लागला, तो मध्येच उन्हात बसला आणि म्हणाला, "सावली फार लांब गेली गं आपली."

तेव्हा म्हातारीला ते त्याच्या दम्याचं बोलणं वाटलं होतं. आता तिनं खिडकीतून वर पाहिलं. मुद्दाम एकही झाड कुणी तोडलं नव्हतं. दरवर्षी जाळ थोडा वर सरकायचा आणि मागोमाग नांगर. माथ्यावर पातळ भुवईएवढी झाडी उरली होती.



"न जाळता मक्याच्या त्या ताटांचं करायचं काय?" म्हातारीनं विचारलं.

बाई म्हणाली की तुकडे करून शेतातच पसरायचे आणि त्यातच पेरायचं.

"म्हणजे घर न झाडता पाहुणे बोलवायचे."

"तसंच म्हणा," बाई हसली.

"शेजारी नावं ठेवतील."

"ठेवू देत की, आई," सून म्हणाली.

म्हातारी सुनेला म्हणाली, माझ्या धाकट्या जावेला फोन लाव. सुनेनं लावला, तसा तिनं तो हातातून काढूनच घेतला. यंदा पेटवायचं नाही, पण ठरल्या दिवशी सगळ्यांनी यायचं, असं तिनं बजावलं. पेटवायचं नाही तर येऊन करायचं काय, असं जावेनं विचारलेलं पलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

"कोयता घेऊन ये, म्हणजे कळेल," म्हातारी म्हणाली. "आणि येताना नणंदेला ओढून आण. तिच्या गुडघ्यांचं काही एक ऐकू नकोस."