अठ्ठेचाळिसावे चिन्ह

कार्तिकातले ऊन यवतेश्वराच्या उतारावर आले, पिवळे, पातळ, दुपारीच संध्येसारखे हळवे झालेले. वाळल्या गवताच्या सोनसळी लाटांवरून ते पर्जन्यगणित केंद्राच्या खिडकीत चढले, आणि दोन स्त्रियांच्या मधोमध ठेवलेल्या नव्या कीबोर्डवर येऊन बसले.

एक होती हेमांगी, गेली एकोणीस वर्षे इथली चिन्हस्वामिनी. केंद्राचे सारे पर्जन्यगणित एका जुन्या संगणकभाषेत लिहिलेले होते. त्या भाषेत शब्द नव्हतेच. होती ती चिन्हे, वक्र, चंद्राकृती, बाणाकृती, आणि ती साध्या कीबोर्डवर नसत. ती हेमांगीच्या बोटांत असत. काही अडले की केंद्राचे प्रमुख चौगुले सर एवढेच म्हणत, हेमांगीबाईंना बोलवा.

दुसरी रेवा, सव्वीस वर्षांची, येऊन दीड महिना झालेली. आता सर तिलाही विचारू लागले होते. परवा तर तिलाच आधी विचारले. ते हेमांगीच्या जिवाला लागले, आणि लागलेले तसेच राहिले.

रेवाचा कीबोर्ड लावून देण्याचे काम सरांनी हेमांगीकडेच सोपवले. उजवीकडची एक कळ दाबून धरायची, जोडीला अक्षराची कळ दाबायची, की चिन्ह उमटते. कुठल्या अक्षराखाली कुठले चिन्ह, ते हेमांगीने ठरवले. नखाएवढ्या कागदी चिठ्ठ्या कापल्या, शाईने चिन्हे काढली, एकेक कळेवर चिकटवली. हसऱ्या चेहऱ्याने, गोड आवाजात तिने सारे समजावले. ओठांत एक होते आणि पोटात एक.

चिन्हे अठ्ठेचाळीस होती. तिने सत्तेचाळीसच लावली.

वगळले ते दिव्याचे. समईसारखे दिसणारे, इवलेसे चिन्ह. त्याच्यापुढे लिहिलेले यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी असते: ही ओळ काय करते, का करते, ते तिथे लिहायचे. टिपणांवाचूनचे गणित महिन्याभरात लिहिणाऱ्यालाच परके होते. रेवाचेही होईल. सर भुवया उंचावतील, आणि पुन्हा म्हणतील, हेमांगीबाईंना बोलवा. एवढेच हवे होते तिला, आणि हे एवढेसे तिला आठवडाभर जाळत राहिले.

रेवा तक्रार घेऊन आली नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. चोराच्या मनात चांदणे. रेवाची खुर्ची करकरली तरी हेमांगी दचके. आठव्या दिवशी न राहवून तिने रेवाचे काम आपल्या पडद्यावर उघडले.

दिवे होते. ओळीओळीला दिवे होते, आणि प्रत्येकापुढे स्वच्छ मराठीत टिपण. एका ओळीपुढे लिहिले होते, ही वाट हेमांगीताईंची. पुढे पुन्हा, इथे मी अडले होते, ताईंच्या जुन्या गणितात उत्तर सापडले. सरांच्या तोंडून जे नाव पुसले जाईल म्हणून ती तळमळत होती, ते तिथे जागोजाग लिहिलेले होते.

ती उठून रेवाच्या टेबलाशी गेली. हे चिन्ह कुठून उमटवलेस, असे तिने विचारले. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"कळ सापडेना, ताई. तुम्ही दाखवलीच असणार, मीच विसरले. परत विचारायची लाज वाटली. मग तुमच्या जुन्या ओळींतून एकेक दिवा उचलून आणत गेले."

ऊन कळांवरून सरकले. गवत वाऱ्याने वाकले, उठले, पुन्हा वाकले. मत्सर अजून होताच, शरम त्याच्या शेजारी येऊन बसली होती.

"विसरली नाहीस तू," हेमांगी म्हणाली. "मीच लावला नव्हता. मुद्दाम."

 रेवाने खुर्ची मागे ओढली आणि कीबोर्ड ताईंपुढे सरकवला.

हेमांगीने स्वल्पविरामाची कळ निवडली. चिठ्ठी कापली. शाईने काढलेली समई किंचित तिरकी निघाली. तशीच तिने ती चिकटवली. मग दोन्ही कळा दाबल्या. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एक दिवा उमटला, इवलासा, एकटा, आणि त्याच्यापुढची सारी ओळ कोरी होती.