तीनशे दोनची पत

आमच्या गावात पूर्वी कोणाच्या दाराला कुलूप नसायचं, असं मी सांगितलं की माझी नातसून हसते. तिला वाटतं, म्हातारी रंगवून सांगते. आता पोर्ट ब्लेअरला गल्लोगल्ली कॅमेरे लागलेत, आणि तुरुंग बघायला जहाजं भरून माणसं येतात, फोटो काढतात, नारळपाणी पितात आणि जातात. त्या तुरुंगाच्या विटा माझ्या आजोबांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. पण मला तुरुंगाची आठवण येत नाही. मला आमच्या गावातल्या खुन्यांची आठवण येते. तसे सज्जन शेजारी मला पुन्हा मिळाले नाहीत.

आमचं गाव टेकडीमागे, ओढ्याकाठी, समोर समुद्र. काळ्या पाण्यावर आलेल्या कैद्यानं शिक्षेची बरीच वर्षं नीट काढली की इंग्रज सरकार त्याच्या गळ्यातली लाकडी पाटी काढून घ्यायचं आणि त्याला जमिनीचा तुकडा द्यायचं. पाटीवर त्याच्या गुन्ह्याचं कलम कोरलेलं असायचं. पाटी गेली की माणूस नवा झाला. गावात राहायला आला की पहिल्याच संध्याकाळी तो बसलेल्या मंडळींसमोर येऊन आपलं कलम तोंडानं सांगायचा, बाकीचे लोक जसं गोत्र सांगतात तसं. ‘तीनशे दोन’ म्हटलं की खून. मंडळी मान डोलवायची, कोणीतरी चहा पुढे करायचं, आणि त्यानंतर उभ्या जन्मात त्याला कोणी विचारायचं नाही की कोणाला मारलंस आणि का मारलंस. तसं विचारणं म्हणजे न्हाणीघरात डोकावणं. ते आम्ही पोरंसुद्धा करत नव्हतो.

आणि खुनाला आमच्याकडे पत होती. रागाच्या भरात एकदा हात उठला, त्याचं भोगलं, संपलं. असा माणूस पुन्हा कोणाच्या वाटेला जात नाही, असं सगळ्यांचं ठाम मत. गोरे साहेबसुद्धा मुलं सांभाळायला तीनशे दोनचाच माणूस मागायचे. चोर-दरोडेखोर मात्र कोणालाच नको असायचे. चोरी ही खोड, ती जात नाही, असं मानायचे. बायकांच्या तुरुंगातून लग्नासाठी बाई मागायला गेलं तर ती आधी कलम विचारायची आणि चोर निघाला की पाठ फिरवायची. खाडीपलीकडे चोरांची एक वस्ती होती. तिथली मुलगी करून घ्यायची म्हटलं की आमच्याकडच्या, नवऱ्याला विष घालून आलेल्या बायका नाक मुरडायच्या.

माझे आजोबा गिरवर, बुंदेलखंडातले. आम्ही त्यांना दद्दा म्हणायचो. त्यांचं कलम तीनशे दोन. मंदिराची आणि मशिदीची, दोन्हीकडची वर्गणी त्यांच्याकडे असायची, यावरून काय ते समजा. त्यांचे जिवलग म्हणजे गुलशेर चाचा. ते झेलमकडचे, दद्दांहून बरेच लहान, दाराएवढे उंच. त्यांचंही तीनशे दोनच. रोज संध्याकाळी ते आमच्या अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखाली यायचे आणि आल्या आल्या दद्दांची खोडी काढायचे. “अजून जिवंत आहेस का, बुढ्या? मी तर कुदळ घेऊन आलो होतो.” दद्दा म्हणायचे, “खड्डा खणून ठेव, मापाला तू झोपून बघ.” असं थोडा वेळ चालायचं. मग अंधार पडला की दोघं गप्प होत आणि पुढचा तासभर एक अक्षर न बोलता समुद्राकडे बघत बसत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. अम्मा, माझी आई, म्हणायची, त्यांना बसू द्या, त्यांचं त्यांना ठाऊक. त्या दोघांना तसं बसलेलं बघून मला फार बरं वाटायचं, अजूनही आठवलं की वाटतं.

माझे वडील दुसऱ्या महायुद्धात, बेटांवर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा गेले. त्यामुळे थोरली बहीण रामकली लग्नाची झाली तेव्हा घरातला पुरुष म्हणजे दद्दाच. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि भारतातून नोकरीवर माणसं यायला लागली होती. त्यांतला शिवशरण हा जंगलखात्यातला कारकून, बुंदेलखंडातल्याच हमीरपूरचा. तो आमच्याकडे पपया विकत घ्यायला यायचा. एवढ्या पपया एकट्या माणसानं खाल्ल्या असत्या तर त्याला नोकरी करता आली नसती, पण आमच्या अम्माला काही समजत नव्हतं, किंवा समजायचं नव्हतं. शेवटी त्यानं सरळ दद्दांकडे रामकलीला मागितलं. आपल्या आईची समजूत त्यानं पत्रं लिहून लिहून घातली होती, जातीचंसुद्धा तिच्या गळी उतरवलं होतं. आता आई स्वतः मुलगी बघायला येणार होती. ती हो म्हणाली तरच लग्न, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. रामकलीनं त्या दिवसापासून कपाळावरच्या बटांना तेल लावणं सोडलं, कारण त्याला मोकळ्या बटा आवडायच्या.

कलकत्त्याच्या बोटीनं त्याची आई आली. बोट लागून लागून बाई अर्धी झाली होती, तरी पदर नीटनेटका होता. दद्दांनी गावच्या रीतीप्रमाणे शेजारची म्हातारी मंडळी बोलावून बसवली, कारण घराची पत शेजाऱ्यांच्या तोंडून कळते. सगळे धुतलेले कुडते घालून आले. मी सुजीचा हलवा केला होता, रामकलीनं तळलेला मासा आणि भात. आईनं रामकलीचे हात बघितले, चाल बघितली, तिला दोन शब्द बोलायला लावले आणि खूश झाली. दद्दा आपल्याच मुलखातले आहेत म्हणून तिला विशेष बरं वाटलं. हलव्याची बशी हातात घेऊन ती म्हणाली, “बाकी सगळं मुलानं लिहिलंच होतं. एवढं एकच सांगा, तुम्ही इकडं कशापायी आलात?”

आमच्याकडे तो प्रश्न जन्मात कोणी कोणाला विचारला नव्हता. मंडळी आपापल्या चहात बघायला लागली. दद्दांना मात्र राग आला नाही. बाहेरची बाई, तिला रीत कुठून ठाऊक असणार. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि वर्गणीचा हिशेब सांगावा तितक्या खणखणीत आवाजात म्हणाले, “तीनशे दोन. खून. अगदी निर्धास्त राहा विहीणबाई, आमच्या घरात चोर कोणी नाही.”

गुलशेर चाचांना वाटलं, बाई परकी आहे, हिला आणखी भरवसा द्यायला हवा. ते पुढे सरकून म्हणाले, “माझा शब्द घ्या बहेनजी. या घरात सोनं उघड्यावर टाका, कोणी हात लावणार नाही. मी स्वतः तीनशे दोन आहे.” मग मलबारचा म्हातारा म्हणाला, तोही तीनशे दोन. त्याच्या शेजारचाही. बर्मी आजोबांना भाषा कमी यायची; त्यांनी बोळकं पसरून हसत दोन बोटं वर केली. त्यांचे दोन होते. सगळी माणसं मनापासून आमची पत वाढवत होती.

बाईनं बशी खाली ठेवली. हातातला घास तिनं बशीत परत टाकला. ‘येते’ न म्हणताच ती उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिवशरण आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. आईचं उत्तर त्यानं शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली होती, पोटासाठी कोणी धान्याची कोठी फोडून आला असता तर मी गिळलं असतं, आमच्या मुलखात त्या मोठ्या दुष्काळात कोणी फोडली नाही? पण रक्त लागलेल्या हातानं दिलेली मुलगी मी घरात घेणार नाही. बोट परत निघाली की ती जाणार होती. रामकली रडली नाही. ती मासे साफ करत होती, आणि साफ झालेला मासा पुन्हा पुन्हा खरवडत राहिली, शेवटी अम्मानं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. दद्दा कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत होते. त्यांचा हात थांबला तो थांबलाच.

 तिसऱ्या दिवशी दद्दा मला म्हणाले, “बिट्टी, चल माझ्याबरोबर.” आम्ही शिवशरणच्या क्वार्टरवर गेलो. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि त्याच्या आईला म्हणाले की मी खुनी नाही, तुम्ही म्हणालात तसाच धान्याचा चोर आहे.

मला खरंच वाटलं, यांचा हात सोडून पळत सुटावं. खुन्याची नात म्हणून मी ताठ मानेनं वाढले होते. चोराची नात म्हणून कशी चालणार होते मी त्या गावात?

बाई पक्की होती. ती म्हणाली, आता मुलगी उजवायला तुम्ही काहीही सांगाल. परवा जी माणसं बसली होती त्यांच्यासमोर हेच सांगा, मी येऊन ऐकते. आपल्या माणसांत आपली मान खाली जाईल असं खोटं कोणी बोलत नाही.

येताना दद्दा दोनदा रस्त्याकडेला बसले. मी त्यांना म्हटलं, नका सांगू, ताईला दुसरं स्थळ मिळेल. ते म्हणाले, “दुसरं मिळेल गं. पण ती त्या कारकुनाकडे बघते तसं माझ्याकडे कोणी बघितलं असतं, तर मी इथं आलो तेव्हा खरं काय ते बोललो असतो.”

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले. मंडळींना वाटलं होतं, बाई मऊ झाली, आता तोंड गोड होणार. दद्दा बसले नाहीत, नीरफणसाच्या बुंध्याला हात टेकून उभे राहिले.

“माझं कलम तीनशे दोन नाही,” ते म्हणाले. “तीनशे पंचाण्णव. दुष्काळात आम्ही सात जणांनी सावकाराची कोठी फोडली. पाचावर माणसं होती म्हणून पोलिसांनी दरोडा लिहिला. मी धोतरात ज्वारी बांधून घरी आणली, तर शिजवायला घरात पाणी नव्हतं. कच्चीच चावत बसलो होतो, तिथंच मला धरलं. मी कोणाला मारलेलं नाही. या गावात चोराला कोणी शेजारी बसवलं नसतं, बायको मिळाली नसती, आणि गळ्यातली पाटी तर गेली होती, म्हणून पहिल्या दिवशी खोटं बोललो.”

कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मलबारच्या म्हाताऱ्याला एकदम शेळी बांधायची आठवली. त्याच्या शेजारचा त्याच्या मागोमाग गेला. बर्मी आजोबांना काय झालं ते कोणीतरी कानात सांगितलं, तेव्हा तेही काठी टेकत उठले. भरलेले पेले तसेच राहिले. बाई मात्र डोळे पुसत उठली, रामकलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा त्या साली काय काय केलं ते आमच्या घरात कोणी बोलत नाही. लग्न ठरलं. अम्मा एका डोळ्यानं हसत होती आणि दुसऱ्यानं रडत होती.

सगळे गेले तरी गुलशेर चाचा जागचे हलले नव्हते. मी पेले उचलत होते. मला वाटलं, आता हे काहीतरी टोमणा मारतील आणि गाडी रुळावर येईल.

त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे तू कोणालाच मारलं नाहीस?”

“नाही,” दद्दा म्हणाले.

“एकालासुद्धा नाही?”

“नाही रे.”

चाचांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. “माझा धाकटा भाऊ होता,” ते म्हणाले. “पाटाच्या पाण्यावरून. तो अजून येतो, गिरवर. दिवेलागण झाली की येऊन उभा राहतो. मला वाटायचं, तुझ्याकडेही तुझा कोणीतरी येत असेल. म्हणून मी इथं येऊन बसायचो. म्हटलं, आपण दोघं आहोत.”

 चाचा उठले, रामकलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला सुखी राहा म्हणाले आणि घरी गेले.

लग्नात त्यांनीच पाण्याची पिंपं भरली, पंगतीत वाढलं, नवऱ्या मुलाला पपयांवरून चिडवलं. गावानंही सहा महिन्यांत सगळं गिळलं. वर्गणी मात्र दुसऱ्याकडे गेली, पण दद्दांशी बोलणं कोणी टाकलं नाही. मी भीत होते तसं मलाही कोणी काही म्हटलं नाही. चाचा रस्त्यात भेटले की दोघं खुशाली विचारायचे. संध्याकाळी मात्र चाचा आमच्याकडे पुन्हा कधी आले नाहीत. ते आपल्या घराच्या पायरीवर एकटे बसायचे, आणि कंदील तिन्हीसांजेच्या आधीच लावून ठेवायचे.

चाचा गेले त्या दिवशी दद्दांनी त्यांना खांदा दिला. घरी आल्यावर मी त्यांच्या पायांवर पाणी घालत होते. तेव्हा ते मला म्हणाले, “बिट्टी, एवढ्या आयुष्यात मला कधी वाटलं नव्हतं की माझ्या हातून एखादा खून झाला असता तर बरं झालं असतं. आता वाटतं.”