प्रेमलताबाईंच्या तोंडावरचा उजेड

दत्तजयंतीच्या कीर्तनाला उभं राहाल का, असं मंडळाच्या उषाताईंनी विचारलं, तेव्हा प्रेमलताबाईंनी आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले, मग उषाताईंना फोनवर "हो" म्हटलं आणि नवऱ्याला सगळ्यात शेवटी सांगितलं. हा क्रम त्यांनी मुद्दाम ठेवला होता. श्यामरावांच्या कानावर गोष्ट आधी गेली असती, तर तिची तपासणी झाली असती.

श्यामरावांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यांचा माल तपासण्यात गेली. नागपूरहून बदलीवर कोलकात्याला आले, बालीगंजात घर केलं, निवृत्त झाले ते इथेच राहिले. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. घरात नवा कुकर आला की त्यात आधी नुसतं पाणी उकळायचं आणि शिट्टी कशी होते ते ऐकायचं. नवी उशी आली की ती आधी खुर्चीत ठेवून तिच्यावर बसायचं. मासळीबाजारापलीकडच्या दुकानातून नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश ही मिठाई आणली, तरी ती आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. माणूस वाईट नव्हता हो. देवभोळा नसला तरी देवाला नावं ठेवणारा नव्हता, आणि बायकोच्या गुडघ्याला रोज तेल चोळून द्यायचा. पण एखादी गोष्ट चांगली आहे असं म्हणायला त्याची जीभ उचलत नसे.

प्रेमलताबाईंना कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या कथा त्यांना अजून चालीसकट येत. कोलकात्यात वर्षातून एकदा, दत्तजयंतीला, पुण्याहून बुवा यायचे, तेवढंच कीर्तन. त्या एका संध्याकाळवर बाई वर्ष काढायच्या. गेली तीन वर्षं तर त्या पुण्याच्या एका कीर्तनकार बाईंकडे कॉम्प्युटरवरून शिकत होत्या. दार लावून, कारण बाहेर श्यामराव पेपर वाचत असायचे आणि मध्येच "आवाज जरा कमी" म्हणायचे. यंदा बुवांचा पाय मोडला आणि उषाताईंना बंद दारामागचा आवाज आठवला.

आता कीर्तनाची एक रीत आहे. जो उभा राहतो तो नारदांच्या गादीवर उभा राहतो. पूर्वरंग संपला की मध्यंतराला हार घालतात, कपाळी बुक्का लावतात, आणि सभेतला लहानथोर एकेकजण पुढे येऊन कीर्तनकाराच्या पाया पडतो. तो नमस्कार गादीला असतो. गादीवरच्या पोराला आजोबा वाकतात, शिष्याला गुरू वाकतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पण नवऱ्याचं काय?

हा प्रश्न पहिल्यांदा काढला सुधाकररावांनी. हे श्यामरावांचे जुने मित्र आणि मंडळाचे तबलजी. चहाला आले आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "वहिनी, मी आधीच सांगून ठेवलंय. मध्यंतराला सगळ्यांचे मोबाइल तयार. श्यामराव बायकोच्या पाया पडताहेत, हा फोटो आम्हाला ग्रुपवर हवाच."

"तू तबला वाजव," श्यामराव म्हणाले.

"वाजवतो की. मध्यंतराला माझे हात मोकळेच असतात."

त्या रात्री तेल चोळून घेताना प्रेमलताबाईंनी विचारलं, "अहो, मध्यंतराला पुढे याल ना?"

"बघू."

 प्रेमलताबाईंना स्वतःच्या पायावर नवऱ्याचं डोकं नकोच होतं. त्या विचारानंच त्यांची बोटं आखडत. पण सगळी सभा उठून आली आणि हा एकटा माणूस बसून राहिला, तर ते सगळ्यांना दिसणार होतं. मग उत्तररंगाला आवाज कुठून काढायचा? मागून घेतलेला नमस्कार तर गादीलाही चालत नाही.

तालमीच्या दिवशी श्यामरावांना वाट सापडली. कीर्तन इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये व्हायचं होतं. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागे, आणि दिवा होता तो नेमका गादीच्या मागच्या भिंतीवर. पेटीवर बसलेल्या उषाताई म्हणाल्या, "प्रेमलताताई, सगळं छान, पण तुमचं तोंडच दिसत नाही. नुसती सावली बोलतेय असं वाटतं."

श्यामराव समोरच्या टोकाहून, सभेच्या मागच्या भिंतीपासून ओरडले, "तोंडावर उजेड पाडायचं काम माझं!"

दुसऱ्या दिवशी ते मेट्रोनं एस्प्लनेडला गेले आणि फुटपाथवरून एक टॉर्च घेऊन आले. स्वस्तातली, काळी, हातात मावणारी. पुढचं तोंड ओढलं की उजेड लांब जाऊन एका जागी पडे, मागे ढकललं की पसरे. "विकणारा म्हणत होता, बाबू, एक किलोमीटर जाएगा," श्यामराव म्हणाले. "खोटं बोलत होता. पण किती खोटं, ते बघायला पाहिजे."

तिन्हीसांजेला गच्चीवर परीक्षा सुरू झाली. परीक्षेला उभं कोण? प्रेमलताबाई. पाण्याच्या टाकीपाशी, पदर खोचून, हातात झांज. श्यामराव दुसऱ्या टोकाला, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात मोजपट्टी.

"हलू नकोस."

"कीर्तनकार हलतो हो. हलायचंच असतं."

"आधी स्थिर वस्तूवर घेतो."

"चला, वस्तू झाले एकदाची."

टॉर्चचं तोंड पूर्ण ओढल्यावर एक गंमत झाली. उजेड गोल पडायच्या ऐवजी चौकोनी पडला, कडेला पिवळी किनार, मध्ये आडव्याउभ्या बारीक रेघा. आतल्या दिव्याच्या तुकड्याचंच ते चित्र, श्यामरावांनी समजावून सांगितलं.

"तुझ्या कपाळावर खिडकी उमटलीय," ते म्हणाले. "गजांसकट."

"मग उघडा आणि बघा आत काय आहे ते."

श्यामरावांनी तोंड जरासं मागे ढकललं. खिडकी विरघळली आणि बाईंच्या चेहऱ्यावर मऊ, गोल उजेड आला. मग त्यांचा अंगठा मागच्या बटणावर अर्धवट पडला आणि टॉर्च फडफड उघडझाप करू लागली. समोरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आलेल्या घोषालबाई हसू लागल्या, काय चाललंय वहिनी म्हणून बंगालीत विचारू लागल्या. "बौदी, की होच्छे? डिस्को?"

"कीर्तन!" प्रेमलताबाईंनी इथूनच सांगितलं.

"एबार, आता काही तरी म्हण," श्यामरावही बंगालीत घसरले. "तोंड हलताना कसं दिसतं ते बघायचंय."

पूर्वरंगासाठी बाईंनी विषय घेतला होता श्रवणाचा. नऊ भक्तींत पहिला मान ऐकण्याला का, यावर निरूपण. त्यांनी झांज वाजवली, डोळे मिटले, पहिली दोन वाक्यं म्हटली, तिसऱ्याला आवाज लागला, आणि अंधार झाला.

"बस, पुढे नको," श्यामराव म्हणाले. "बॅटरी उगाच जाते. दिसतंय नीट."

तीन संध्याकाळी हेच. टाकीपासून, जिन्यापासून, एकदा खालच्या गल्लीतून. पावसात चालेल का म्हणून एकदा बादलीत बुडवूनसुद्धा. दर वेळी बाईंनी सुरुवात करायची, दोन वाक्यं व्हायची आणि टॉर्च बंद. त्यांचं निरूपण तिसऱ्या वाक्याच्या पुढे काही जाईना.

शेवटच्या दिवशी झांज पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि त्या दिवशी ही धरून बसणार कोण?"

"मीच. दुसऱ्याला जमायचं नाही. सभेच्या मागच्या भिंतीला स्टूल टाकून बसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"मध्यंतरालासुद्धा?"

"ड्यूटी म्हणजे ड्यूटी," श्यामराव टॉर्चकडे बघत म्हणाले.

प्रेमलताबाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. सत्तरीच्या माणसानं बायकोपासून लपायला एवढीशी वस्तू शोधून काढावी! जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "टॉर्च पास झाली म्हणायची."

"वाईट नाही काही," श्यामराव म्हणाले. त्यांच्या तोंडून टॉर्चला एवढी शाबासकी मिळालेली ऐकून बाईंना तिचा हेवा वाटला.

दत्तजयंतीला हॉल भरला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बेहालाहूनही चार घरं आली होती. पाळणा झेंडूनं सजला, सुंठवड्याचा वास सुटला. नऊवारी नेसून, गळ्यात उपरणं घेऊन प्रेमलताबाई गादीवर उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीकडून उजेडाचा एक गोल सरळ आला आणि त्यांच्या चेहऱ्यावर थांबला. लपायला घेतलेली असली तरी टॉर्च चोख धरली होती. त्यांनी झांज वाजवली.

नमन झालं, अभंग झाला, निरूपण सुरू झालं. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. आज अंधार झाला नाही. कान सगळ्यांनाच असतात, पण देवानं त्यांना पापणी दिली नाही, असं बाई सांगत होत्या. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही, तो मिटायला माणसाला फार खटपट करावी लागते. पुढच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी मागे वळून स्टुलाकडे पाहिलं.

आणि उजेड पिवळा पडू लागला.

प्रेमलताबाईंच्या ते लगेच लक्षात आलं, कारण समोरची माणसं त्यांना आता जास्त स्पष्ट दिसू लागली. टॉर्चची परीक्षा उंचावरून, लांबून, पाण्यातून झाली होती. सलग किती वेळ जळते, ती एकच राहिली होती. ती करायची तर बायकोचं निरूपण शेवटपर्यंत ऐकावं लागलं असतं.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. श्यामराव दोन रांगा पुढे आले आणि गोल पुन्हा चेहऱ्यावर बसला. बाई बोलत राहिल्या. थोड्या वेळानं उजेड परत मावळला आणि परत स्टूल करकरलं. सुधाकररावांना आता राहवेना. त्यांनी ठेका धरता धरता मानेनं खूण केली, या, या, पुढे या. सभेनं पाय आखडून वाट करून दिली. मधल्या रांगेत स्टूल मावेना, तसं ते तिथेच सोडून श्यामराव सतरंजीवर टेकले आणि तिथून बसल्या बसल्या सरकत राहिले. जवळ येईल तसं टॉर्चचं तोंड मागे ढकलत, उजेड पसरवत.

बाईंना हसायचं नव्हतं. गादीवर उभं राहून नवऱ्याला हसायचं नसतं. पण पूर्वरंग आटोपत आला तेव्हा श्यामराव पेटीच्या शेजारी, त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर बसून, दोन्ही हातांनी टॉर्च वर धरून बसले होते. निरांजन धरावं तसे. आणि त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. ते ऐकत होते. उजेड नीट पडलाय की नाही हे बघायचंही त्यांनी सोडून दिलं होतं, कारण गोल केव्हाच घसरून बाईंच्या खांद्यावर गेला होता.

शेवटचं वाक्य झालं, गजर झाला, आणि त्या गजरातच टॉर्चनं मान टाकली.

श्यामरावांनी ती हलवली. तळहातावर आपटली. बटण दाबलं, ओढलं, ढकललं. मग त्यांच्या ध्यानात आलं की गजर थांबलाय आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघतोय. हार घालून झाला होता. उषाताई बुक्क्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. सुधाकररावांचा मोबाइल वर होता. मागच्या भिंतीला कोणी नव्हतं, आणि स्टूल मधल्या रांगेत अडकलं होतं.

प्रेमलताबाईंनी नजर समोर, पाळण्यावर ठेवली. त्यांनी ठरवून टाकलं, हा उठून मागे गेला तरी आपण पाळण्याकडेच बघायचं. तीन मोठे देव परीक्षा घ्यायला आले आणि दत्ताच्या माउलीनं त्यांची तान्ही बाळं करून मांडीवर घेतली, ही कथा पुढे सांगायची होती. तिच्यासाठी आवाज राखून ठेवायचा होता.

श्यामरावांनी टॉर्च सतरंजीवर ठेवली. एक हात पेटीवर टेकून गुडघे गोळा केले, आणि वाकले. कपाळ पायाला लागलं तेव्हा बाईंची बोटं आखडली, पण पाऊल त्यांनी मागे घेतलं नाही. गादीवरचं पाऊल मागे घेता येत नाही. त्यांनी मनात नारदांचं नाव घेतलं आणि हा नमस्कार तुमचा, असं त्यांना सांगून टाकलं.

उठताना श्यामराव हळूच म्हणाले, "तिसऱ्या वाक्यानंतर फार चांगलं आहे गं."

"पुढे आणखी आहे," बाई तोंड न हलवता म्हणाल्या. "बसा."

सुधाकररावांचा फोटो काळाकुट्ट आला होता, मोबाइल उलटासुलटा करून बघत ते चरफडले, "श्यामराव, एकदा परत!" हॉल हसला. श्यामरावांनी मागे न बघता हात झटकला आणि पहिल्या रांगेत मांडी घातली, जी घालायला डॉक्टरांनी त्यांना मनाई केली होती. मग सगळी सभा उठून नमस्काराला आली, आणि शेवटचा माणूस परत जागेवर गेल्यावर उत्तररंग सुरू झाला. बाईंच्या तोंडावर आता पहिल्यासारखीच सावली होती. कुणी कुरकुर केली नाही.

पद लागलं तशी सभेनं टाळी धरली. श्यामरावांच्या हातांना आज पहिल्यांदाच काही काम नव्हतं, तेही टाळी वाजवू लागले. ती सरळसरळ मागे पडत होती. सुधाकररावांनी तबल्यावरून डोळे वटारले. ते पाहून प्रेमलताबाईंनी झांज जरा सैल केली, आणि नवऱ्याची टाळी येऊन मिळेपर्यंत लय खाली घेतली.