सुभेदाराचा पालथा परळ

शेजारच्या सिकंदर पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुष्याची तात सकाळपासून वाजत होती, ती मधेच थांबली, तेव्हाच मी चुलीपुढून उठले. तात थांबली की सिकंदर एक तर जेवायला बसलेला असायचा, नाही तर रोशनबीशी भांडायला. आणि जेवणाला अजून अवकाश होता.

"तुजं सुभेदार कुठं बसून आलंय बघ," सिकंदर अंगणात उभा राहून बायकोला सांगत होता. दाढी, भुवया, सगळीकडं कापूस चिकटलेला.

"कुठं बसलंय?"

"पाटलाच्या लेकीच्या गादीत."

गादी अजून शिवायची होती. गणपतराव पाटलांच्या लेकीचं लगीन ठरलेलं, आणि त्यासाठी पिंजलेला कापूस सिकंदरच्या पुढच्या सोप्यात छातीएवढा रचलेला. पांढराशुभ्र. मधोमध एक पिवळा डाग, आणि डागाशेजारी बसून शेपूट हलवणारा सुभेदार.

सुभेदार म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. धनगराचं. जोतीराम धनगर सुगीनंतर आमच्या गावात मेंढरं बसवायला यायचा, शेताला खत व्हावं म्हणून. राधानगरीच्या धरणाची तेव्हा नुसती बोलणी चाललेली. शाहू महाराजांचं राज्य होतं, पण आमच्या शिवारात सांजेनंतर राज्य बिबट्याचं. रोशनबीची दुभती शेळी त्यानं गोठ्यातनं ओढून नेली. तेव्हापासून राखणीच्या कुत्र्यासाठी ती जोतीरामच्या मागं लागली होती.

धनगर कुत्रं विकत नाहीत, देतात. आणि देतानाची बोली पक्की असते. जोतीराम म्हणाला होता, "औसला फिरून बघून जाईन, वयनी. बरगड्या दिसल्या तर उचलून न्हेणार. आमच्यात ह्ये पोरगी दिल्यागत असतंय."

रोशनबीनं मान डोलावली आणि पिल्लू छातीशी धरलं. तिच्या घरात पाळणा कधी बांधला गेला नाही. पिल्लू त्या दिवसापासून कापसात झोपायला लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला हगवण लागली.

औस, म्हणजे अमावस्या, पंधरवड्यावर आली तसं आळीत कुणाला झोप येईना. ज्याला त्याला सुभेदाराचं पोट. रोशनबीनं मटणाची नळी उकळून तिचं पाणी पाजलं, हाडाला जोर यावा म्हणून. मी ताकभातात हिंग घातला, कारण आमच्या थोरल्याला त्यानं गुण आला होता. गणपतराव पाटलांनी नाचणीची आंबील धाडली. "लष्करात घोड्याला देत्यात," असा निरोप बरोबर. पाटील लष्करात कधी नव्हते. सिकंदरनं तर गुऱ्हाळावरनं काकवी आणली. काकवीनं काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ग्वाड लागतंय की त्येला."

हे सगळं एका दिवसात गेलं. सुभेदारानं कुणालाच नाही म्हटलं नाही. मग रात्रभर आत-बाहेर, आत-बाहेर, आणि सकाळी पाटलाच्या लेकीची गादी.

तेवढ्यात पलीकडच्या कुंपणावरून रत्नाबाई बोलली. तवनाप्पाची बायको, कानडी सीमेकडच्या जैन घरातनं आलेली, उंच, कोरडी. बोलायची कमी, आणि ती बोलली की बाकीची गप्प व्हायची.

"तंगी, आन ते हिकडं," ती रोशनबीला म्हणाली. तिच्या माहेरी धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

"तुमच्यात? तुमी त्येला काय घालणार, अक्का? तुमचं तर एकाशन चाललंय."

"म्हणूनच म्हणतोय. एकाला दोघं झालो."

एकाशन म्हणजे दिवसातनं एकदाच जेवायचं, तेही उजेड असताना. सूर्य बुडाला की अन्नपाणी बंद. आमच्या आळीला ते रत्नाबाईपुरतं ठाऊक होतं. कुत्र्याला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मरंल की अक्का ते उपाशी," मी म्हणाले.

"खाऊन मरायला लागलंय ते, शालू."

पिल्लाला तिनं घरात घेतलं नाही, परसात ठेवलं, तुळशीच्या मागं. त्याच्यापुढं मातीचा पसरट परळ मांडला. आळीत त्या दिवसांत घरोघर नव्या तांदळाचा वास सुटलेला, पण तिनं कणगीतला जुना काढला. नवा पोटाला जड, म्हणाली. मऊसूत पेज, बोटानं चिरडून. ना मीठ, ना हिंग, ना ताक. आपलं जेवण झालं की ती त्याला वाढायची. सांजेला दिवा लावायच्या आधी परळ धुवायचा आणि पालथा घालायचा. पालथ्या परळाला सुभेदारानं नाक लावलं की नाकावर पळी. हळूच, पण रोज.

पिल्लू केकाटायचं. इकडं रोशनबी कुंपणाशी उभी, पदराखाली हाड.

"तंगी, पदरात काय हाय?"

"काय न्हाय, अक्का."

"मग माश्या कशाला बसल्यात?"

रोशनबी खाली बसली आणि रडायलाच लागली. "मी नुसतं बगायचं व्हय? माज्या हातानं कायच घालायचं न्हाय? त्यो धनगर ईल आणि घिऊन जाईल, मग मी काय, कापसाला कुशीत घिऊन निजू?"

रत्नाबाई कुंपणाशी आली. हाड तिला शिवायचं नव्हतं, म्हणून तिनं रोशनबीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुजी माया लई हाय. त्येचं पोट येवढंसं हाय. थोडी मागं ठिव, मोठं झाल्यावर घाल."

त्या दिवसापासून पेज रोशनबीच्या हातानं घालायची ठरली. शिजवायची रत्नाबाई, घालायची रोशनबी. दोघी शेजारी बसून पिल्लाचं जेवण बघायच्या, नव्या जावयाचं बघावं तसं.

पोट थांबलं. मग भरलं. बरगड्या झाकल्या, कान उभे राहिले. सिकंदरनं पाटलाचा कापूस धुऊन, वाळवून पुन्हा पिंजला आणि एक अक्षर बोलला नाही. लग्नात पाटलीणबाई गादीच्या मऊपणाचं कौतुक करत होत्या, तेव्हा मात्र तो बाहेर जाऊन हसून आला.

औसला जोतीराम आला तो नेमका दिवे लागताना. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. रोशनबीनं सुभेदाराला अंगणात आणलं. जोतीरामनं पाठीवरनं हात फिरवला, दात बघितले, पोट चाचपलं. "बरं दिसतंय," म्हणाला. मग फडक्यातनं भाकरी काढली, वर मटणाचा तुकडा, आणि पिल्लापुढं टाकली.

सुभेदारानं भाकरीकडं बघितलं. तोंडातनं लाळेची तार लोंबली. त्यानं मान वळवली, कुंपणापलीकडं पालथा पडलेला परळ बघितला, आणि मागच्या पायांवर बसून राहिला.

"खा की रं," जोतीराम म्हणाला.

लाळ वाढली. पिल्लू हललं नाही.

जोतीरामचा चेहरा बदलला. "वयनी, आतनं दुखणं हाय ह्येला. अन्नाला तोंड लावीना त्ये कुत्रं जगत न्हाय." आणि त्यानं पिल्लू उचललं.

रोशनबी दारात आडवी झाली. "सकाळपतोर थांब, भावा. एवढं ऐक माजं."

"सकाळी काय व्हनार हाय?"

"दिस उगवनार हाय," कुंपणापलीकडनं रत्नाबाई म्हणाली. "रात्रीचं खाईत न्हाय त्यो."

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान डोलावली. त्याला वाटलं असेल, ह्या आळीतल्या पाण्यातच काहीतरी आहे. पण राहिला बिचारा.

सकाळी भाकरी तिथंच होती, मुंग्यांनी भरलेली. ऊन कौलावर आलं तशी रत्नाबाईनं परळ सरळ केला, आपलं जेवण त्या दिवशी मागं ठेवून पेज ओतली आणि रोशनबीनं हाक मारली. सुभेदार कुंपणावरनं उडी मारून गेला. परळ चाटून, फिरवून, परत चाटून त्यानं साफ केला.

जोतीरामनं रिकामा परळ उचलून बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "मेंढरांच्या वाड्यावर चोर येत्यात न्हवं, त्ये आदी कुत्र्याला भाकरी टाकत्यात. कुत्रं खाण्यात गुतलं की मेंढरं न्हेत्यात. माज्या बाच्या आयुक्षात रात्रीची भाकरी न खाणारं कुत्रं गावलं न्हाय." तो उठला. "वयनी, ह्ये मी न्हेतो."

रोशनबी हसली. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. "बोली काय झालती, भावा? बरगड्या दिसल्या तर न्हेणार. दाव बरगडी."

जोतीरामनं चाचपून बघितलं. इकडून, तिकडून. बोटाला नुसतं मांस लागत होतं. धनगर बोलीला पक्का. त्यानं सुभेदाराला रोशनबीकडं सरकवलं. मग त्यानं घोंगड्यात हात घातला आणि आतनं, रात्रभर पोटाशी दडवलेलं, आणखी एक पिल्लू काढलं. काळं, डोळे मिचकावणारं, पोट नगाऱ्यागत.

"सुभेदाराची भन हाय. हिचं पोट बिघडलंय," तो रत्नाबाईला म्हणाला. "हिला लावा की, अक्का, तुमच्या नेमाला."

रत्नाबाईनं उत्तर द्यायच्या आत सगळी आळी उठली. रोशनबी नळीच्या पातेल्याकडं पळाली. सिकंदर काकवीचं गाडगं शोधू लागला. पाटलांच्या वाड्यातनं आंबिलीचा तांब्या निघालेला मला इथनं दिसत होता, आणि खोटं कशाला सांगू, माझाही हात हिंगाच्या डबीकडं गेला होता.

रत्नाबाईनं एकदा आमच्याकडं बघितलं. भरदिवसा परळ पालथा घातला, आणि त्याच्यावर काळं पिल्लू मांडीत घेऊन स्वतःच बसली.