चौथा डेस्कटॉप

स्कॅन वाचणाऱ्या त्या डॉक्टरने कॉम्प्युटरवर चार डेस्कटॉप केले होते, म्हणजे एका वेळी एकच दिसणारी कामाची चार पानं. पहिल्यावर तातडीचे रुग्ण, दुसऱ्यावर रोजचे, तिसऱ्यावर ईमेल. चौथ्यावर आज एकच विंडो होती: तिच्या आईच्या छातीचा स्कॅन. आपल्या माणसाचा स्कॅन आपण वाचायचा नाही, म्हणून नजर न टाकताच तिने तो तिकडे सरकवला होता. दुपारी सहकारी येऊन वाचणार होता.

बाहेर बसून कंटाळलेली आई दारात आली.

"झालं का गं?"

"दुसरे डॉक्टर बघतील, आई. बस जरा."

"एवढं शिकवलं ते लोकांची फुप्फुसं बघायला होय?"

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. अपघातातल्या एका रुग्णाचा स्कॅन तिला कुठे सापडेना, म्हणून तिने चारही डेस्कटॉप एकदम पडद्यावर आणले. चौथा जेमतेम नखाएवढा दिसत होता, पण सरावलेल्या डोळ्यांना तेवढा पुरला. उजव्या फुप्फुसात पांढरी गाठ होती आणि तिच्याभोवती बारीक बारीक कितीतरी.

तिने आधी अपघाताचा स्कॅन उघडून त्याचा रिपोर्ट फोनवर सांगितला. आवाज जराही हलला नाही.

"काय गं, गप्प का झालीस?" आईने विचारलं.

"दुपारी कळेल," ती म्हणाली आणि मागे वळून न बघता तिने पुढचा रुग्ण उघडला.