द्रामोव्ह सरांची कापडं
कलाशाळेच्या पंचाहत्तरीची पुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण जुन्यांपैकी हिंडती-फिरती मी एकटीच उरलेय. तंबाखूच्या गोदामात अकरा मुलांवर सुरू झालेली शाळा, मग विद्यापीठाचा विभाग, मग काचेच्या छताची नवी इमारत, हे सगळं झरझर लिहिलं. बावन्न सालाशी आले आणि पेन अडलं.

त्या साली आमचे चित्रकलेचे द्रामोव्ह सर कम्युनिस्ट सरकारच्या लेखी 'परदेशी वळणाचे' ठरले. भर सभेत हात वर करून त्यांना काढलं. माझाही हात वर होता, खोटं कशाला बोलू? सर दगडाच्या खाणीवर सक्तमजुरीला गेले आणि तिथेच संपले. कॅनव्हासची तेव्हा मारामार, म्हणून शाळेच्या कचेरीने त्यांची जप्त चित्रं आम्हा विद्यार्थ्यांना वाटली. वर आपापलं रंगवा म्हणाले. आम्ही मुकाट रांग लावली.

यंदा माझ्या वर्गातल्या किरिलच्या, शाळेत टांगलेल्या डिप्लोमाच्या चित्राचे पोपडे उडाले आणि खालून सरांची द्राक्षं निघाली, अगदी टवटवीत. किरिल एक नंबरचा आळशी. जुन्या चित्रावर पांढरा हात मारून मोकळा झाला होता मेला. पेपरात बातमी आली आणि चार दिवसांत सरांची मुलगी झद्राव्का प्लोव्हदिव्ह शहरातून माझ्या दारात हजर.

"बाई, शेंगा सोलणाऱ्या बाईचं चित्र कुणाला मिळालं होतं?"

"आता कशाला उकरतेस ते?"

"आई आहे ती माझी. मी दोन वर्षांची असताना गेली. पुढे घराला सील लागलं, फोटोसुद्धा गेले. मला तिचा चेहराच माहीत नाही हो."

"मलाच मिळालं," मी म्हटलं. "शाळेच्या जिन्यात माझं तंबाखू तोडणाऱ्या बायांचं चित्र आहे ना, त्याच्याखाली."

वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिने माझे हात धरले. "म्हणजे आहे. तुमचं चित्र खरवडावं लागलं तर?"

"खरवडा. कोण रडतंय त्याच्यासाठी."

पण मी अर्धंच सांगितलं होतं. पुढचं तोंडातून निघेना. वाटलं, कापडाच्या विणीत चिमूटभर तरी राहिलं असेल, एखादा डोळा, हनुवटी. देवधर्म मी कधी केला नाही, पण त्या आठवड्यात चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले.

आधी एक्स-रे काढून बघू असं ठरलं. चित्र हॉस्पिटलात नेलं. झद्राव्का केस नीट बसवून, ठेवणीतला कोट घालून आली होती. फोटो काढणाऱ्याने फिल्म उजेडात धरली. माझ्या बाया दिसल्या, टोपल्या दिसल्या. त्यांच्याखाली नुसतं उभं-आडवं सूत.

"खाली काही नाही," तो म्हणाला. "कुणीतरी दगडाने पार सुतापर्यंत घासलंय. काम मात्र चोख."

झद्राव्का माझ्याकडे वळली. "किरिलने नव्हतं घासलं."

"किरिल काठावर पास व्हायचा. पहिली मी यायचे. तीन दिवस घासत होते."

"चेहरासुद्धा?"

"तिथूनच सुरुवात केली. तिथे रंग जाड होता. जाड रंग आधी काढायचा, असं तुझ्या वडिलांनीच शिकवलं होतं."

तिने फिल्म स्वतःच्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "मग तुम्ही तो अगदी जवळून पाहिलाय. कशी होती?"

मी खूप आठवून पाहिलं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी तिच्याकडे बघतच नव्हते. कुठे रंग राहिलाय तेवढं बघत होते."