सोनेरी काठावरचं कुंकू

टक्.

दुपारचं घर निजलं होतं. त्या शांततेत माझ्या पोटातून एवढाच आवाज आला आणि पडदा काळा झाला. अनघाला थोपटणारा रेणुकाचा हात थांबला. "पुन्हा?" ती म्हणाली. रागानं नाही. रागवायलाही थोडं बळ लागतं.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वराळ्यातल्या या घरात खिडकीपाशी बसतो. आधी मी एका कारखान्याच्या ऑफिसात गाड्यांची ये-जा नोंदवायचो. नवे संगणक आले तसा मी कोपऱ्यात गेलो, धूळ खात पडलो. तिथं कामाला असलेल्या सुहासनं मला घरी आणलं, बायकोसाठी.

त्याची बायको म्हणजे रेणुका. अनघा झाली आणि तिची नोकरी सुटली. मग ती माझ्यावर लग्नाचे अल्बम रचू लागली. लोणावळ्याचे फोटोवाले अतुलभाऊ फोटो पाठवायचे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, नळाला पाणी यायच्या आत, पोर झोपली की, असं ती काम करायची. "ताई, तुमच्या पानात नवरीची आई दिसते. बाकीचे तिला कापून टाकतात," असं अतुलभाऊ एकदा म्हणाले. मलाही बरं वाटलं.

पण फोटो जड होत गेले आणि मी थकत गेलो. एक पान उघडेपर्यंत तिचा चहा गार व्हायचा. म्हणून तिनं माझ्यासाठी मेमरीची आणखी एक पट्टी मागवली. हिरवी, एका बाजूला सोनेरी काठ असलेली.

ती आली नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. रेणुकाच्या सासूबाई शालनबाई यांनी विळा, खुरपं, शिलाई मशीन सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मलाही लावलं. मग टेबलावरची डबी उघडून पट्टी बाहेर काढली आणि जिथं सोनं दिसलं तिथंच ओलं बोट टेकवलं. "माज्या सुनंच्या कामाला लय यश यिऊ दे," असं पुटपुटल्या आणि पट्टी डबीत ठेवून दिली.

मित्रांनो, त्या सोनेरी काठातूनच माझं आणि पट्टीचं सगळं बोलणं होतं. संध्याकाळी अनघाला कडेवर घेऊन रेणुकानं घाईघाईत पट्टी माझ्यात बसवली. तिला डाग दिसला नाही. मला कळत होतं, पण मला तोंड कुठं आहे?

तेव्हापासून मी बंद पडू लागलो. कधी निळा पडदा, कधी काहीच नाही. अर्धं रचलेलं पान जायचं, ती पुन्हा रचायची. अतुलभाऊंचा फोन आला. "रविवारी अल्बम पाहिजेच, ताई. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग पुढची कामंही त्याच्याकडेच जातील."

फोन ठेवून तिनं माझं झाकण उघडलं.

तिनं माझा पंखा पुसला. व्हायरस शोधला. विजेवर संशय घेतला. "आता टाकून दे त्याला," सुहास म्हणाला. "तू शिफ्टला जातोस, मी कुठं जाऊ?" ती म्हणाली. मग तिनं नवी पट्टी काढली. मी बंद पडेना, पण मोठा फोटो उघडेना. जुनी काढून एकटी नवी लावली, मी सुरूच होईना. जागा बदलून बघितली, तेच. तेव्हा ती पट्टी घेऊन दारात उजेडात गेली. सोनेरी काठावर लाल-पिवळं वाळलेलं होतं.

मग अनघाच्या बालवाडीच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन तिनं हलक्या हातानं काठ घासला. अनघा शेजारी उकिडवी बसून बघत होती. पट्टी परत बसवली आणि मी न अडता चालू लागलो.

मित्रांनो, यंत्र अडलं तर त्याला थपडा मारू नका. आत काय अडकलंय ते सावकाश बघा. आणि त्याच्यापुढं बसणारं माणूस थकलं असेल, तर त्याच्या कडेवरचं पोर घटकाभर आपल्याकडे घ्या.

शनिवारी अल्बम गेला. रविवारी अतुलभाऊंनी पुढच्या लग्नाचे फोटो पाठवले. शालनबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय झालतं गं ह्याला?"

"काही नाही, आत्या. पट्टी नीट बसली नव्हती."

"म्या म्हनलं न्हवं? पूजा केल्याली हाय, त्यो दगा द्यायचा न्हाई." त्यांनी माझ्या माथ्यावरून हात फिरवला. रेणुका हसली आणि फोटोंकडे वळली. तेवढ्यात अनघानं तिचा पदर ओढला.

"आई, मग आजीनं लावलेलं कुंकू तू का पुसलंस?"